सतराव्या पत्रातली दुरुस्ती

१. फट बुजवणारा चोर

कुलूप शाबूत, किल्ली खिळ्यावर, कपाटाच्या पत्र्यावर साधा ओरखडा नाही. आणि निळी फाइल गायब!

सकाळचे दहा वाजले होते. दैनिकाच्या दुसऱ्या मजल्यावर अजून निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बातमीदार ठिणगी कात्रणखोलीच्या दारात येऊन उभी राहिली ती पांढऱ्याफटक चेहऱ्याने. "मावशी, पत्रं गेली," एवढंच बोलली आणि तिने चौकटीचा आधार घेतला.

ही पोरगी घाबरणाऱ्यातली नव्हती, बरं का. मंत्र्याला भर सभेत 'आकडा चुकीचा आहे, साहेब' म्हणून सुनावणारी. ठिणगी हे नाव काय उगाच पडलं होतं? तिच्या तोंडचं पाणी पळालंय म्हटल्यावर मावशींनी हातातली कात्री खाली ठेवली.

मावशी म्हणजे कात्रणखोलीच्या अनभिषिक्त मालकीण. सत्तावीस वर्षं रोजचा पेपर कापायचा, विषयवार पाकिटांत घालायचा, एवढंच काम. संपादक आले, संपादक गेले, मावशी जिथल्या तिथं. अमक्या पुलाचं उद्घाटन कितीदा झालं, असं विचारा. तीन मिनिटांत तिन्ही उद्घाटनांची कात्रणं टेबलावर. त्यांना पगार कात्रणांचा मिळायचा, पण निम्म्या कचेरीचं डोकं त्याच चालवत होत्या, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता ही पत्रं कसली, ते सांगायला हवं.

सरकारने म्हातारपणाचा, अपंगत्वाचा, घरभाड्याचा, आजारी माणसाच्या सेवेचा, यांसारखे सहा भत्ते मोडून त्यांचा एकच केला होता. नावही तेच ठेवलं, 'एकच भत्ता'. कागदावर योजना मोठी देखणी. एक अर्ज, एक खिडकी. तपासनीस घरी येणार, चाळीस मिनिटं बसून आस्थेने विचारपूस करणार, गुण देणार आणि गुणांप्रमाणे भत्ता. प्रत्यक्षात तपासनीस येऊन गेला की भत्ता बंद झाल्याचं पत्र यायचं. ठिणगीने लेखमाला सुरू केली. वाचकांनी नाव-पत्त्यासकट लिहावं, नाव छापणार नाही, गरज पडली तर फक्त खात्याला दाखवू, असं आवाहन केलं. एकतीस जणांनी लिहिलं. रोज एक पत्र छापून आलं आणि खात्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'ही पत्रं कचेरीत बसून लिहिलेली आहेत,' असं म्हणत खातं वृत्तपत्र लवादाकडे गेलं. लवादाने सांगितलं, खात्याचा पडताळणी अधिकारी येईल, त्याला मूळ पत्रं दाखवा. झेरॉक्स चालणार नाही. नाही दाखवलीत तर पहिल्या पानावर माफी आणि लेखमाला बंद.

मुदत होती उद्या दुपारी चारपर्यंत.

मावशी कपाटापाशी गेल्या. किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्यावर टांगलेली असते, हे मजल्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे चोर शोधायला तिचा उपयोग शून्य. त्या वाकून कप्प्याकडे बघत राहिल्या.

"फाइल कुठे होती गं?"

"या दोन पांढऱ्या फायलींच्या मध्ये."

"मग मध्ये फट कुठाय?"

ठिणगीने पाहिलं. फट नव्हतीच. बाजूच्या फायली सरकवून कुणीतरी रांग सारखी केली होती.

"बाहेरचा चोर चार फायली उपसतो, दोन जमिनीवर टाकतो आणि पळतो," मावशी म्हणाल्या. "जाता जाता कपाट आवरून ठेवत नाही. हा इथलाच आहे, पोरी. आणि आत्ता याच मजल्यावर बसलाय."

२. माफीचे दोन मसुदे

संपादकसाहेब आपल्या खोलीत डोकं धरून बसले होते. माणूस सज्जन, पण मालकांचा फोन वाजला की उभे राहून बोलायचे.

"काल पाच वाजता मीच कपाट उघडलं होतं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मालक विचारत होते, पत्रं खरोखर आहेत ना. मी मोजली. एकतीस होती. प्रत्येकावर नंबर, सगळी एका नाडीत ओवलेली. फाइल परत ठेवली, कुलूप लावलं."

"तुमच्यानंतर मजल्यावर कोण होतं?"

"ठिणगी माझ्या आधीच घरी गेली होती. मागे राहिले ते जाहिरातराव आणि टिंब."

मावशींनी मनातल्या मनात एक गोष्ट बाजूला काढून ठेवली. ठिणगीने पत्रं बनवली आणि आता अंगाशी आल्यावर गायब केली, असं खातं म्हणणार हे उघड होतं. पण साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी मोजली होती. पोरीवरचं एक किटाळ तरी टळलं होतं.

जाहिरातराव म्हणजे जाहिरात विभागाचे प्रमुख. लेखमाला सुरू झाल्यापासून सरकारी जाहिराती बंद झाल्या होत्या, त्यामुळे ते ठिणगीकडे पाहताना वाकडं तोंड करूनच पाहायचे. मावशी त्यांच्या टेबलाशी गेल्या, तर रावांनी घाईघाईने एक कागद टेबलावरच्या वहीखाली सरकवला.

"काय लपवताय, राव?"

"कुठे काय! कोटेशन आहे."

मावशींनी वही उचललीच. कागदावर टाइप केलेलं होतं: 'आमच्या वाचकांची आणि शासनाची आम्ही बिनशर्त माफी मागतो.' खाली उद्याची तारीख.

ठिणगी पाठोपाठ आलीच होती. ती तो कागद वाचून जी उसळली! "फाइल जायच्या आधीच माफी तयार? मावशी, आणखी काय पुरावा हवा?"

"अहो, थांबा, थांबा," रावांची पाचावर धारण बसली. "मालकांनीच सांगितलं होतं तयारी ठेवायला. हा दुसरा बघा ना!" त्यांनी ड्रॉवर ओढून आणखी एक कागद काढला. त्यावर होतं: 'सत्याचा विजय! आमची एकतीसही पत्रं अस्सल! आजच जाहिरात द्या!'

मावशींना हसू आवरेना. हा माणूस दोन्ही डगरींवर हात ठेवणारा होता. अशांना चोरी परवडत नाही. कुठल्या बाजूला उडी मारायची, ते ठरवावं लागतं.

"काल तुम्ही किती वाजता निघालात?"

"सातला. टिंब तेव्हा वाचतच बसले होते. मान वर केली नाही त्यांनी. ते कधी करतात?"

मावशींनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं.

३. न उठलेला माणूस

टिंब हे कचेरीचे मुद्रितशोधक. छापायला जाण्याआधी प्रत्येक पानाचं प्रूफ यांच्या डोळ्यांखालून जायचं. बुटके, गोल, आणि बोलणं इतकं कमी की बोलले तर टिंबाएवढंच. तीस वर्षांत त्यांनी दैनिकाला किती तोंडघशी पडण्यापासून वाचवलं याचा हिशेब नाही. मेयरसाहेबांना जिवंतपणी श्रद्धांजली छापून जायची होती, ती यांनीच रोखली होती. त्यांच्या घरी कोण आहे, काय आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर 'सगळं ठीक' म्हणून मान खाली.

"अहो टिंब, निळी फाइल कुठाय, काही कल्पना?" मावशींनी सरळच विचारलं.

टिंबांनी पेन्सिल थांबवली. "मला चार नंबरचं पान वाचायचंय."

"ते वाचा हो. फाइल काल संध्याकाळी पाहिलीत का?"

"सगळ्यांनीच पाहिलीये ती कधी ना कधी."

ज्याला विचारलं त्याने 'नाही' म्हणायला हवं होतं. या माणसाने दोनदा बगल दिली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला धड एक खोटं बोलता येत नव्हतं, आणि मावशींना त्याचं कौतुकही वाटलं आणि वाईटही.

तेवढ्यात संपादकसाहेब टेबलाजवळून गेले. मजल्यावरची माणसं उठून उभी राहिली. टिंब एरवी सगळ्यांच्या आधी उठायचे. आज बसून राहिले. अकराचा चहासुद्धा आज त्यांनी खिडकीशी जाऊन घेतला नव्हता. कप टेबलावरच गार पडला होता.

"तब्येत बरी आहे ना?" मावशींनी विचारलं.

"बरी आहे."

मावशी कात्रणखोलीत परत आल्या आणि ठिणगीला म्हणाल्या, "दार लाव. आता वेगळ्या बाजूने विचार करू. पेपरचं वाईट करायचं असतं तर चोराने पत्रं जाळली असती नाहीतर खात्याला नेऊन दिली असती. खात्याकडे गेली असती तर अधिकारी उद्याची वाट कशाला बघेल? आजच त्यांनी बोंब ठोकली असती. मग एकतीस पत्रं कुणाला हवीत?"

"कुणाला?"

"कुणालाच नाही. त्याला एकच हवंय. पण एक काढलं तर नंबर तुटतो, आणि कुठलं काढलं ते लगेच कळतं. म्हणून सगळी नेली. आपल्याला चोर शोधायचा नाहीये, पोरी. आपल्याला पत्र शोधायचंय."

"पण मावशी, पत्रंच नाहीत तर शोधायचं कशात?"

मावशींनी भिंतीवरच्या लोखंडी हुकाकडे बोट दाखवलं.

४. हुकावरची प्रूफं

कुणी छापलेल्या मजकुराबद्दल तक्रार केली तर हाताशी असावीत म्हणून वाचून झालेली प्रूफं तीन महिने त्या हुकावर टोचून ठेवायची, हा कचेरीचा नेम. प्रत्येक प्रुफाला त्याची टाइप केलेली प्रत टाचलेली. धूळ खात पडलेली ही चळत; मावशींशिवाय तिला कुणी हात लावत नसे.

दुपारभर दोघींनी एकतीस प्रूफं वेगळी काढली. मावशी एकेक बघत गेल्या.

टिंबांची एक पद्धत होती, आणि तिच्यावर उभी कचेरी विसंबून होती. ते शब्द सुधारायचे, वाक्य सरळ करायचे. पण माहितीला कधी हात लावायचे नाहीत. आकडा, तारीख, नाव यांत शंका आली की समासात प्रश्नचिन्ह आणि बातमीदाराकडे परत. 'मला काय ठाऊक? ज्याला ठाऊक त्याने सांगावं,' हे त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. नव्या बातमीदारांना त्याचा वैताग यायचा, जुने मनातल्या मनात त्यांना हात जोडायचे.

चौथ्या पत्रात समासात होतं: 'पायऱ्या बावीस की बत्तीस?' शेजारी ठिणगीचं लाल उत्तर. नवव्यात: 'मुलगा थोरला की धाकटा?' लाल उत्तर. बाराव्यात दोन प्रश्न, दोन उत्तरं.

सतराव्या पत्रापाशी मावशींचा हात थांबला.

"ठिणगे, हे वाच."

पत्र एका बाईचं होतं. 'पाच वर्षांपासून माझं कमरेखालचं अंग हलत नाही. तपासनीस आले, चौदा मिनिटं बसले. पाणी हातानं पिता येतं का, विचारलं. येतं म्हटलं. पेला भरून हाताशी कोण ठेवतं, ते विचारलं नाही. सेवेचा भत्ता बंद झाला.'

"हे तर मला पाठ आहे," ठिणगी म्हणाली.

"टाचलेली प्रत बघ."

प्रतीत 'चाळीस मिनिटं बसले' असं टाइप केलेलं होतं. प्रुफावर टिंबांनी 'चाळीस' खोडून 'चौदा' लिहिलं होतं. समास कोरा. प्रश्नचिन्ह नाही, लाल उत्तरही नाही.

ठिणगी गोंधळली. "मूळ पत्रात चौदाच होतं. मी तेव्हा तीन दिवस राजधानीत होते, सुनावणीला. पत्र फोनवरून सांगितलं. समोर खात्याचं नियमपुस्तक उघडं होतं, त्यात जिथं तिथं चाळीस. माझ्याच तोंडून चाळीस गेलं असणार. छापून आलं तेव्हा चौदा दिसलं, म्हणून मला चूक कळलीच नाही."

"आणि तेव्हा फाइल कुठे होती?"

"माझ्या बॅगेत. राजधानीत."

"म्हणजे मूळ पत्र या इमारतीत नव्हतं. इथल्या प्रतीत चाळीस. तुला कुणी विचारलं नाही. मग तीस वर्षं स्वतःहून एक आकडा न बदललेल्या माणसाला कुठून कळलं, की तो तपासनीस चौदा मिनिटं बसला होता?"

ठिणगीने पुन्हा प्रुफाकडे पाहिलं. "ते तिथं होते," ती हळूच म्हणाली. "मावशी, ते त्या खोलीत होते!"

"चल."

दोघी कोपऱ्यातल्या टेबलाशी गेल्या. मावशींनी संपादकसाहेबांना आणि जाहिरातरावांनाही खूण करून बोलावलं. टिंबांनी चौघांकडे पाहिलं, मग पेन्सिल खाली ठेवली.

"टिंब," मावशी शक्य तितक्या मायेने म्हणाल्या, "जरा उठता का हो?"

५. काखेत कळसा

टिंब उठले. खुर्चीवरच्या उशीखाली निळी फाइल होती.

"अरे बापरे!" जाहिरातराव किंचाळले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अख्खा दिवस हा माणूस आमच्या नाकासमोर फाइलीवर बसलाय!"

"राव, गप्प बसा," संपादकसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एवढा कडक कुणी कधी ऐकला नव्हता.

टिंब उभेच होते. त्या दिवशी ते जेवढं बोलले तेवढं तीस वर्षांत बोलले नसतील.

"सतरावं पत्र माझ्या बायकोचं आहे. तिनं शेजारणीकडून पोस्टात टाकलं. मला सांगितलं नाही, कारण मी नको म्हटलं असतं. पेपरातल्या माणसानं आपलं गाऱ्हाणं आपल्याच पेपरात मांडू नये, असं मला वाटतं. प्रूफ समोर आलं तेव्हा कळलं. तपासनीस आला त्या दिवशी मी रजेवर होतो. चाळीस वाचलं आणि हात आपोआप चालला. प्रश्न कुणाला विचारणार? ज्याला ठाऊक होतं तो मीच होतो."

"पण फाइल का नेलीत, काका?" ठिणगीने विचारलं.

"पत्ता माझ्या घराचा आहे. खातं म्हणतंय, पत्रं कचेरीत लिहिलीत. त्यांना कळलं असतं, की एक पत्र मुद्रितशोधकाच्या घरून आलंय, तर बाकीची तीस माणसं फुकट खोटी ठरली असती. तुमची लेखमाला बुडाली असती. मी सतरावं तेवढं काढणार होतो. नाडी सोडली. पण तिच्या हातचा कागद फाडवेना. घरी ठेवली तर ती बघेल. म्हणून सकाळी परत आणली. पुढे काय करावं ते सुचत नव्हतं."

ठिणगीचे डोळे भरून आले. ज्या माणसाला ती सकाळपासून मनातल्या मनात शिव्या घालत होती, तो तिच्याच लेखमालेसाठी चोर झाला होता. तिने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

जाहिरातरावांनी घसा खाकरला. "सोपं आहे. सतरावं बाजूला ठेवू. तीस दाखवू. एक गहाळ झालं म्हणू."

"आम्ही एकतीस छापलीत," ठिणगी म्हणाली. "तीस दाखवली तर आपणच खोटे."

"आणि एकतीस दाखवली तर ते म्हणतील खोटे! इकडे आड, तिकडे विहीर!"

सगळे मावशींकडे बघायला लागले. मावशींनी चष्मा वर सरकवला.

"आपण लपवलं आणि त्यांनी शोधलं, तर ती भानगड. उद्या सकाळी आपणच छापलं, तर ती बातमी. सतरावं पत्र आमच्या मुद्रितशोधकांच्या पत्नीचं आहे, आम्हाला माहीत नव्हतं, आता कळलंय, म्हणून वाचकांना सांगतोय. चार वाजायच्या आत सगळ्या गावाला माहीत असेल. मग अधिकारी काय शोधून काढणार?"

"नाव छापावं लागेल," संपादकसाहेब म्हणाले. "आणि आपण वचन दिलंय, छापणार नाही."

"म्हणून तर विचारायला जायला हवं. टिंब, तुमच्या घरी पाहुणे चालतील का?"

टिंब खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

६. ज्यांचं पत्र, त्यांचं मत

घर दोन खोल्यांचं, पण लख्ख. खाट खिडकीशी, समोर भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. खाटेवरच्या बाईंनी नवऱ्याच्या मागून आत आलेल्या दोन बायका पाहिल्या, त्यातल्या एकीच्या काखेतली निळी फाइल पाहिली, आणि काय झालं असेल ते त्या झटक्यात समजल्या.

"तुम्ही पत्र चोरलंत?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"सगळीच," टिंब म्हणाले.

"अगं बाई! करायचं तर एकदम घाऊक!" आणि मग त्या चिडल्या. "पत्र मी पेपरला लिहिलं होतं. तुम्हाला नाही. माझी लाज वाटते का तुम्हाला?"

"लाज कसली गं? तुझं खरं आहे, आणि माझ्यामुळे ते खोटं ठरेल, याची भीती वाटली."

मावशींनी सगळं सांगितलं. उद्याची मुदत, लवाद, माफी, आणि नाव छापण्याचा प्रश्न. काही लपवलं नाही.

"वहिनी, नको वाटलं तर नाही म्हणा," ठिणगी म्हणाली. "मी शब्द दिलाय. लेखमाला गेली तरी चालेल."

"चालेल कशी?" बाई म्हणाल्या. "या खाटेवर पडून रोज सकाळी मी दुसऱ्यांची पत्रं वाचते. तो पायऱ्यांवाला म्हातारा, ती दोन मुलांची आई. त्यांना मी ओळखत नाही, पण रोज त्यांची वाट बघते. माझ्या नावामुळे त्यांचं खरं ठरणार असेल तर पूर्ण नाव छापा. माहेरचं-सासरचं, सगळं. आणि त्या तपासनिसाला मी दोष देत नाही हेही छापा. बिचारा घामाघूम होऊन आला होता, सारखा घड्याळ बघत होता. त्याने बघितलं म्हणून तर मीही बघितलं."

मावशींना इतक्या वर्षांत पुष्कळ मोठी माणसं कापून पाकिटांत घालावी लागली होती. त्यांच्यापैकी किती जण या खाटेच्या उंचीला पोचले असते, असं त्यांना वाटून गेलं.

टिंब आतून पाण्याचा पेला घेऊन आले आणि बायकोच्या हाताशी ठेवून तिथेच उभे राहिले.

७. चार वाजता

सकाळी पहिल्या पानावर चौकट आली. त्यात सगळं होतं.

बरोबर चारला पडताळणी अधिकारी आले. चकचकीत बूट, गोड बोलणं. सोबत खात्याच्या नोंदींचा गठ्ठा. एकेक पत्र काढायचं, पत्ता ताडून बघायचा, बाजूला ठेवायचं. सोळा पत्रांपर्यंत त्यांना नख लावायला जागा सापडली नाही. सतराव्यापाशी ते हसले.

"प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन. पण प्रामाणिकपणाने पुरावा होत नाही. बाई म्हणतात चौदा मिनिटं. आमच्या नोंदीत चाळीस, तपासनिसाच्या सहीनिशी. आता सरकारी कागद खरा मानायचा, की तुमच्या माणसाच्या बायकोचं म्हणणं? हे एक पत्र खोटं, तर बाकीची खरी कशावरून? मी लवादाला तसंच कळवणार."

टिंबांचा चेहरा पडला. नेमकी हीच भीती त्यांना होती. ठिणगीने मावशींकडे पाहिलं. डोकं चालवून जिथवर जाता येतं तिथवर त्या आल्या होत्या. बाईंच्या खोलीत तेव्हा तिघंच होती. त्यातली दोघं नवरा-बायको, आणि तिसरा खात्याचा.

जिन्यावर धापा टाकत कुणीतरी वर आलं. पन्नाशीचा माणूस, खांद्याला फुगलेली पिशवी, सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

"सतरा नंबरच्या बाईंकडे मी गेलो होतो," तो दारातूनच म्हणाला.

अधिकारी ताडकन उठले. "तुम्ही? तुम्ही आत्ता ड्यूटीवर आहात!"

"होय, साहेब. आज बावीस घरं आहेत. सतरा झाली. पाच तशीच सोडून आलोय." त्याने पिशवीतून यादी काढून टेबलावर ठेवली. "रोज बावीस. घड्याळ बघत पळायचं. त्या बाईंकडे चौदा मिनिटं बसलो, हे खरं आहे. काही घरी नऊच मिनिटं बसलोय."

"मग फॉर्मवर चाळीस कुणी लिहिलं?" मावशींनी विचारलं.

"कुणीच नाही, बाई. ते छापूनच येतं. आम्ही खाली फक्त सही करतो."

मावशींनी अधिकाऱ्यांसमोरचा गठ्ठा स्वतःकडे ओढला. परवानगी वगैरे विचारायच्या फंदात त्या पडल्या नाहीत. पहिला फॉर्म, दुसरा, पाचवा, विसावा. सगळीकडे चाळीस, त्याच जागी, त्याच टायपात, गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे आणि प्रत्येक आजाऱ्याकडे एक मिनिट कमी नाही की जास्त नाही.

"बावीस घरं, प्रत्येकी चाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "साहेब, हे होतात साडेचौदा तासांच्या वर. तुमचा माणूस दिवसात काम करतो सात तास. चालायचा वेळ मी धरलेलाच नाही."

अधिकारी गठ्ठ्याकडे बघत राहिले. त्यांचंही कौतुक करायला हवं. गठ्ठा बंद करून निघून जाता आलं असतं त्यांना. ते खाली बसले, राहिलेली चौदा पत्रं एकेक करून तपासली, आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'एकतीस पत्रे पाहिली. एकतीसही मूळ आहेत. नोंदीतील वेळ विश्वासार्ह नाही.' खाली सही केली. मग तपासनिसाकडे न बघता म्हणाले, "नोकरीचा विचार केला होतात का?"

"सकाळी पेपर वाचेपर्यंत तोच करत होतो, साहेब," तपासनीस म्हणाला. "त्या बाईंना अंथरुणातून उठता येत नाही, तरी त्यांनी नाव दिलं. वर माझ्याबद्दल बरं बोलल्या. मी तर दोन पायांनी चालत आलोय."

जाहिरातरावांनी आपली खुर्ची उचलून त्याच्यासाठी पुढे केली.

ठिणगीने वही उघडली. "हे सगळं छापायचं तर नाव लागेल. नको असेल तर आत्ताच सांगा, मी शब्द पाळते."

तपासनिसाने खांद्यावरची पिशवी काढून पायाशी ठेवली, खुर्चीत नीट बसला आणि नाव सांगितलं, आडनावासकट.

कोपऱ्यातून टिंब उठून त्याच्याजवळ आले.

"पुन्हा एकदा सांगा," ते म्हणाले. "सावकाश. उद्या चुकायला नको."